इचलकरंजीचा माग, कोल्हापूरची फौंड्री : लघुउद्योगांची क्लस्टर स्पर्धेत कशी टिकतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लघुउद्योगांच्या क्लस्टरबद्दल विद्यार्थी, तरुण कारखानदार आणि मागवाल्यांची पुढची पिढी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, त्यांची उत्तरे इथे आहेत. उदाहरणे मुद्दाम एकाच जिल्ह्यातली घेतली आहेत. इचलकरंजीचा यंत्रमाग आणि कोल्हापूरची फौंड्री (धातू वितळवून भाग ओतण्याचा कारखाना) यांच्यात जेमतेम तीस किलोमीटरचे अंतर आहे. नदी, वीज मंडळ आणि राज्य सरकार दोघांचे एकच. तरीही दोघांची वाटचाल वेगळी झाली, आणि त्या फरकातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

क्लस्टर म्हणजे एमआयडीसीच ना?

नाही. एमआयडीसीत शेजारी शेजारी औषधांचा, बिस्किटांचा आणि प्लास्टिकचा कारखाना असू शकतो. त्यांचा एकमेकांशी संबंध फक्त रस्ता आणि पाण्याच्या पाइपलाइनपुरता. क्लस्टरमध्ये एकाच मालाभोवती सगळे गाव गुंफलेले असते. एकाने सूत आणायचे, दुसऱ्याने त्याला खळ (धागा मजबूत करणारी कांजी) द्यायची, तिसऱ्याने विणायचे, चौथ्याने घड्या घालायच्या. अशी गावे सरकारी आदेशाने उभी राहत नाहीत. उभी राहिल्यावर सरकार त्यांना जागा देते, हे मात्र खरे. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती आल्या, त्याच्या आधीच कोल्हापुरात ओतकाम रुजलेले होते.

मग इचलकरंजीतच माग आणि कोल्हापुरातच फौंड्री, असे का झाले?

इचलकरंजी ही घोरपड्यांची जहागीर. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये तिथे पहिला यंत्रमाग आणला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या धंद्याला पाठबळ दिले. हातमाग विणणारे हात गावात होतेच. एकाचा माग चालला की शेजाऱ्याने दोन घातले, त्याच्या मेव्हण्याने चार. पुढे सहकार आला. दत्ताजीराव कदम यांच्या पुढाकाराने डेक्कन सहकारी सूतगिरणी उभी राहिली. १९८२ मध्ये त्यांच्या नावाने डीकेटीई संस्था सुरू झाली आणि वस्त्रोद्योगाचे अभियंते गावातच तयार होऊ लागले.

कोल्हापूरची गोष्ट उसापासून सुरू होते. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस, उसाला पाणी, पाणी उपसायला ऑइल इंजिन आणि ऊस गाळायला चरक. इंजिन बंद पडले की शेतकऱ्याचे पीक अडायचे, म्हणून दुरुस्ती करणारा जवळ हवा. दुरुस्ती करता करता सुटा भाग ओतायचा, आणि मग पूर्ण इंजिनच बनवायचे. शाहू महाराजांनी कारागिरीला दिलेले उत्तेजन, जवळच औंध संस्थानात १९१० मध्ये उभी राहिलेली किर्लोस्करवाडी, म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार यांच्यासारखे जिद्दी लोक, आणि नंतरचे शिवाजी उद्यमनगर या सगळ्यांतून हा धंदा वाढला. या लोकांकडे पदव्या नव्हत्या. इंजिन उघडून पाहायचे आणि तसेच करून बघायचे, हीच त्यांची शाळा होती.

कच्चा माल लांबून आणावा लागला तरी अडले नाही. इचलकरंजीला लागणारे बरेच सूत तमिळनाडूतून येते. फौंड्रीला सिलिका वाळू सिंधुदुर्गातल्या कासार्ड्याकडून मिळते, तर पिग आयर्न गोवा आणि कर्नाटकातून येते. क्लस्टरला जागेशी बांधून ठेवतो तो कसबी माणूस.

जवळजवळ असल्याने नेमका काय फायदा होतो?

आठ मागांचा मालक घ्या. त्याला स्वतःचे सायझिंग युनिट परवडणार नाही. पण गावात सायझिंगवाले आहेत, तेव्हा खळ दिलेल्या ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, गुंडाळलेले बीम त्याला तयार मिळते. वहिफणी करणारे कामगार येऊन ताण्याचे टोक जोडून जातात. आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारे वेगळे, माग बिघडला तर जॉबर वेगळा, घडी घालणारा वेगळा. लाकडी धोटा किंवा पिकर हवा असेल तर दुकान पाच मिनिटांवर. म्हणजे मोठ्या गिरणीत जे एका छताखाली असते, ते इथे गावभर पसरलेले आहे, आणि प्रत्येक मालकाला त्याच्या गरजेपुरतेच पैसे मोजावे लागतात. लहान भांडवलाच्या माणसाला मालक होता येते ते यामुळेच. लाखाहून अधिक माग एका शहरात जमले, त्यामागे हे गणित आहे.

दुसरा फायदा माहितीचा. कुठल्या सुताचा भाव सकाळी पडला, कुठला व्यापारी पैसे अडवतो, नवा डॉबी (नक्षी विणायचे जोडयंत्र) कसा बसवायचा, हे चहाच्या टपरीवर कळते. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कारखानदारी गावांबद्दल हेच मांडले होते.

एवढा फायदा असूनही इचलकरंजीचा मागवाला कायम अडचणीत का दिसतो?

आमच्या मते या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

जवळीक सगळ्यांचा खर्च सारखाच कमी करते. सगळ्यांचा खर्च कमी झाला आणि सगळे एकच कापड विणत असले, तर वाचलेला पैसा मालकाच्या खिशात राहत नाही. तो भावात उतरतो आणि खरेदीदाराकडे जातो. इचलकरंजीचे बरेच कापड ग्रे, म्हणजे विणून तसेच विकलेले. पॉपलिन, मलमल, धोतर. ते बालोतरा, पाली, जेतपूर, अहमदाबादला जाते. तिथे त्याला रंग चढतो, छपाई होते आणि त्याला नाव मिळते. मूल्य वाढते ते तिथे.

असे नेहमीच नव्हते. इचलकरंजीची रंगीत साडी एके काळी बाजारात नावाजलेली होती. हातमागाला संरक्षण म्हणून १९५० मध्ये रंगीत साडी यंत्रमागावर विणण्यास बंदी आली आणि गाव साध्या पांढऱ्या कापडाकडे वळले. हातमाग विणकरांचे पोट वाचवण्याचा हेतू प्रामाणिक होता. पण या धक्क्याने एका गावाची वाण घडवण्याची, रंगसंगती ठरवण्याची सवय मोडली. अशी सवय मोडायला एक आदेश पुरतो, परत यायला पिढ्या लागतात.

त्यात खर्चीची पद्धत. खर्चीवाला म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन त्याला कापड विणून देणारा मागवाला. त्याला पिकाच्या (कापडात टाकलेल्या आडव्या धाग्यांच्या) हिशेबाने मीटरमागे मजुरी मिळते. सुताचा भाव वर-खाली झाला तर धोका व्यापाऱ्याचा, म्हणून भांडवल नसलेल्याला खर्ची सोयीची वाटते. पण कापड कुणी घेतले, का घेतले, त्याला काय हवे होते, हे त्याला कधीच कळत नाही. गिऱ्हाईक दिसतच नाही, तर सुधारणा कशासाठी करायची? मंदी आली की पहिली कात्री खर्चीच्या दरालाच लागते.

कामगारांची मजुरी कमी ठेवली तर स्पर्धेत टिकता येईल ना?

काही काळ टिकता येईल. नंतर माणूसच मिळणार नाही, आणि आज तेच होते आहे. साध्या मागावर बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट, हवेत कापसाची तूस, आणि मजुरी विणलेल्या मीटरवर. सूत खराब आले, ताणा तुटत राहिला, तर उत्पादन घटते आणि नुकसान कामगाराच्या अंगावर पडते, चूक त्याची नसतानाही. मग त्याने आपल्या मुलाला मागावर का पाठवावे? उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून येणारे कामगारही आता सुरतेचा नाहीतर दक्षिणेचा दर विचारून मगच गाडीत बसतात.

मजुरीच्या दरावरून इचलकरंजीत मोठे संप झाले आहेत. २०१३ च्या सुरुवातीचा संप कित्येक आठवडे चालला. त्यात हरले-जिंकले कोण, यापेक्षा मोठा प्रश्न असा की कापडाच्या मीटरमागे मिळणारा पैसाच इतका कमी असताना वाटणी करणार कशाची? मजुरी वाढवायची तर कापड बदलावे लागते. हे मालक संघटनांनीही मोकळेपणाने मान्य करायला हवे.

जुने माग भंगारात काढून एअरजेट (हवेच्या झोताने आडवा धागा टाकणारे वेगवान माग) घातले की प्रश्न सुटेल का?

अर्धा सुटेल. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे पिका टाकतो, एअरजेट सहाशेच्या पुढे जातो. कापड रुंद निघते, डाग आणि तुटी कमी असतात. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्याला लांबच लांब, निर्दोष थान लागते, ते साध्या मागावर निघणे कठीण. १९९९ मध्ये केंद्राची तंत्रज्ञान सुधार निधी योजना आली. नंतर इचलकरंजीत रेपियर (बिनधोट्याचा दुसरा आधुनिक माग) आणि एअरजेट वाढले, आणि त्या मालकांनी शर्टिंग-सुटिंगच्या बाजारात जागा मिळवली.

पण वेगवान मागाला तसेच सूत, तसेच सायझिंग, स्वच्छ दाबाची हवा आणि प्रशिक्षित फिटर लागतो. साखळीतली एक कडी बदलली आणि बाकीच्या तशाच राहिल्या तर महागडे यंत्र धाग्याच्या तुटीमुळे थांबून राहते आणि कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. परदेशातले जुने माग स्वस्तात आणणाऱ्यांनी सुट्या भागांची चौकशी आधी करावी. शिवाय सगळ्यांनी एअरजेटवरही एकच कापड विणायला घेतले, तर वर सांगितलेली गोष्ट पुन्हा घडेल, फक्त कर्ज मोठे असेल.

फौंड्रीवाल्यांनी वेगळे काय केले?

त्यांच्यावर वेळच तशी आली. शेतात वीज पोचली, विजेचे पंप आले आणि ऑइल इंजिनाचा बाजार आटला. हातात भट्टी होती, माल उरला नाही. कोल्हापूरच्या ओतारांनी वाहन उद्योगाकडे, ट्रॅक्टर, पंप आणि व्हॉल्व्हच्या कंपन्यांकडे मोर्चा वळवला. हे गिऱ्हाईक कडक होते. प्रत्येक हीटचे, म्हणजे वितळवलेल्या प्रत्येक घाण्याचे, रासायनिक प्रमाण लिहून द्या, रिजेक्शन सांगा, नाहीतर माल परत. त्या कडकपणामुळे धातूतले घटक मोजणारे स्पेक्ट्रोमीटर आले, कोळशाच्या क्युपोला भट्टीच्या जागी बऱ्याच ठिकाणी विजेच्या इंडक्शन फर्नेस आल्या, ओतकामासोबत मशिनिंगही इथेच होऊ लागले. ओबडधोबड कास्टिंग किलोवर विकण्यापेक्षा मशीन केलेला, थेट असेंब्लीत बसणारा भाग विकला की किलोमागचा पैसा वाढतो.

सगळे आलबेल आहे असे नाही. वितळवण्याचा खर्च म्हणजे मुख्यतः विजेचा खर्च, आणि विजेच्या दरावरून इथल्या संघटनांनी कर्नाटकात जाण्याची भाषा अनेकदा केली आहे. बेळगावला फौंड्रीचे दुसरे क्लस्टर आहे, भाषा तीच, नातेवाईक तेच, त्यामुळे ती धमकी पोकळ नसते. एक-दोन मोठ्या वाहन कंपन्यांवर अवलंबून असलेल्या फौंड्रीला मंदीत पाळ्या बंद ठेवाव्या लागतात, हेही खरे. पण गिऱ्हाईक समोर असणे आणि त्याने टोकणे, ही इचलकरंजीच्या खर्चीवाल्याला न मिळालेली गोष्ट कोल्हापूरला मिळाली.

सामायिक सुविधा केंद्रे बांधली जातात आणि बंद का पडतात?

केंद्राच्या सूक्ष्म व लघुउद्योग क्लस्टर विकास कार्यक्रमात खर्चाचा मोठा भाग अनुदानातून मिळतो, उरलेला सभासदांनी स्थापलेल्या कंपनीने घालायचा. कागदावर हे उत्तम आहे. अडते ते असे : अनुदान मिळते म्हणून यंत्र निवडले जाते, गरज होती म्हणून नाही. पुढाकार घेणाऱ्या दोघा-तिघांच्या कारखान्यांनाच ते सोयीचे पडते आणि बाकीचे सभासद नावापुरते राहतात. उद्घाटनानंतर चालवायला पगारी व्यवस्थापक नेमलेला नसतो. आणि वापराचा दर इतका कमी ठेवतात की पाच वर्षांनी यंत्र बदलायला पैसाच नसतो.

टिकतात ती केंद्रे अशा कामाची, जे एकट्याला परवडत नाही पण सगळ्यांना रोज लागते. कोल्हापूर फौंड्री अँड इंजिनिअरिंग क्लस्टरचा वापरलेली वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारा प्रकल्प हे चांगले उदाहरण. ओतकामात वापरलेली, रसायन चिकटलेली वाळू आधी ढिगांनी बाहेर टाकली जायची. नवी वाळू आणायचा खर्च, जुनी फेकायचा खर्च आणि खाणींवरचा ताण, या तिन्ही गोष्टींना इथे एकत्र हात घातला गेला. चाचणी प्रयोगशाळा हेही असेच काम. याउलट विणकाम किंवा ओतकामाचे मुख्य यंत्र सामायिक करू नये, तिथे पाळीवरून भांडणे होतातच.

प्रदूषणाचे नियम कडक केले तर लहान कारखाने मरतील, हे खरे आहे का?

नियम पाळायला एकेकट्याला सांगितले तर बरेच मरतील. एकत्र पाळायला लावले तर नाही.

तमिळनाडूतले तिरुपूर हे निटवेअर निर्यातीचे मोठे केंद्र. तिथल्या रंगाई कारखान्यांच्या पाण्याने नोय्यल नदी खराब झाली, शेतकरी न्यायालयात गेले, आणि जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने शेकडो रंगाई कारखाने बंद करायला लावले. गावाला जबर फटका बसला. त्यानंतर सामायिक प्रक्रिया केंद्रांतून पाण्याचा थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत तिथे आली. महाग पडली, पण परदेशी ब्रँड आता पुरवठादाराच्या पाण्याचा हिशेब मागतात तेव्हा तिरुपूरकडे तो असतो.

पंचगंगेचे दुखणे आपल्याला रोज दिसते. शहरांचे सांडपाणी, साखर कारखाने आणि कापड प्रक्रिया, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांनी हे पाणी प्यायचे आणि इचलकरंजीने स्वतःसाठी दुसऱ्या नदीचे पाणी मागायचे, यावरून तालुक्यातालुक्यांत कटुता आली आहे. ग्रे कापड बाहेर न पाठवता इथेच रंगवावे अशी आमची इच्छा आहे. पण पाणी शुद्ध करण्याची क्षमता आधी आणि रंगाई नंतर, हा क्रम उलटा करायला कुणी सांगितले तर आमचा ठाम विरोध राहील.

परदेशातल्या विकसनशील देशात एखाद्या क्लस्टरने संकटातून वाट काढली आहे का?

पाकिस्तानातले सियालकोट घ्या. शस्त्रक्रियेच्या कात्र्या, चिमटे बनवणारे शेकडो लहान कारखाने तिथे आहेत, आणि घासणे-पॉलिश करणे घराघरांत चालते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गुणवत्तेच्या कारणावरून त्यांच्या मालावर निर्बंध घातले. एकट्या कारखानदाराला काही सुचले नसते. निर्यातदारांची संघटना पुढे झाली, सरकारच्या मदतीने अमेरिकी सल्लागार आणले गेले आणि कारखान्यांना उत्पादन पद्धतीचे प्रशिक्षण मिळाले. माल पुन्हा सुरू झाला. संघटना वर्षानुवर्षे नुसती निवेदने देत राहिली असती तर ऐन वेळी हे जमले नसते.

जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाले की भाव मिळतो का?

आपोआप नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी जीआय मिळाले. जीआयने नावाचा गैरवापर रोखता येतो, तोही कुणी पाठपुरावा केला तर. २०२५ मध्ये एका इटालियन फॅशन कंपनीच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि गदारोळ झाला, तेव्हा नाव जगभर गेले. चप्पल शिवणाऱ्या घरापर्यंत पैसा पोचायला मात्र ठरावीक दर्जाचे कातडे आणि मापात येणारा, वेळेवर जाणारा माल लागतो.

वीज सवलत बंद करावी का?

एकदम बंद केली तर लहान मागवाला बुडेल. सध्या २७ अश्वशक्तीखालच्या आणि त्यावरच्या यंत्रमागांना वेगवेगळी सवलत आहे. अडचण अशी की सवलतीचा पैसा जुना माग चालू ठेवायला खर्च होतो. तिचा काही भाग सूत बँक, चाचणी आणि जॉबरच्या प्रशिक्षणाकडे वळवावा, असे आम्हाला वाटते. सूत बँकेतून घाऊक भावाने सूत मिळाले तर खर्चीवाला स्वतःचे कापड विणायचे धाडस करू शकेल.

व्यापारी तीन-तीन महिने पैसे देत नाही. कायद्याचा उपयोग होतो का?

सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. त्यासाठी उद्यम नोंदणी असायला हवी आणि तक्रार सुविधा परिषदेकडे करता येते. आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आल्यापासून, म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे मुदतीत न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च वजा करता येत नाही. दडपण आले आहे. पण ज्याला एकच व्यापारी काम देतो तो तक्रार करत नाही, कारण उद्या बीम कुठून आणणार? म्हणून कायदा वापरायचा तर गिऱ्हाईक किमान दोन-तीन हवेत.

माझे आठ साधे माग आहेत. आज सुरुवात कुठून करू?

कर्ज काढून यंत्र घेण्यापासून नको. आधी महिनाभर प्रत्येक माग किती वेळ थांबला आणि का थांबला, हे वहीत लिहा : ताणा तुटला, कांडी संपली, वीज गेली, जॉबर आला नाही. बहुतेक ठिकाणी पैसा या वहीतच सापडतो. मग तुमच्यासारखे सहा-सात जण शोधा, ज्यांना सूत एकच लागते, आणि एकदा तरी एकत्र खरेदी करून पाहा. रोख पैसे दिले तर सुताच्या भावात किती फरक पडतो ते तुम्हालाच दिसेल. आठांपैकी दोन मागांवर खर्ची सोडून स्वतःचे कापड घाला, असे काही की जे गल्लीत दुसरा कुणी विणत नाही. नमुना घेऊन शिवणकाम करणाऱ्या कारखान्यात स्वतः जा, अडत्याला पाठवू नका. पहिला नमुना परत आला तर त्याचे कारण लिहून घ्या आणि डीकेटीईसारख्या संस्थेच्या प्रयोगशाळेत कापड तपासून दुसरा न्या.